कार्यालयातील संगणकाचा राखणदार

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही शिक्षणनिधी, वधूवरसूची किंवा वसतिगृह यांपैकी एखाद्या विषयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र कार्यालयातील मेजावर असलेल्या एका संगणकाविषयी बोलणार आहोत. कारण या तिन्ही कार्यांचे दप्तर आज त्या एकाच यंत्रात साठविलेले आहे.

गतवर्षी जून महिन्यात एके सकाळी तो संगणक सुरू केला, तेव्हा एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावापुढे अनोळखी अक्षरे चिकटलेली, आणि पडद्यावर खंडणीची मागणी! रॅन्समवेअर म्हणतात ते हेच. शिष्यवृत्तीचे अर्ज, देणगीदारांच्या नोंदी, सभासदांची यादी, सारे कुलूपबंद झाले. दुसरी प्रत म्हणून ठेवलेली डिस्क रात्रंदिवस संगणकालाच जोडलेली असे; त्यामुळे तीही गेली. अँटिव्हायरस नव्हता काय? होता, परंतु त्याची मुदत संपून चार महिने लोटले होते. नूतनीकरणाची सूचना रोज येई आणि रोज आम्ही ती बाजूस सारीत असू. हा दोष सर्वस्वी आमचा, हे आपल्यासमोर कबूल करणे आम्ही कर्तव्य समजतो.

खंडणी आम्ही दिली नाही. पैसे मोजूनही फायली परत मिळतीलच, याची शाश्वती नसते. मात्र जुलैत द्यावयाचे शिष्यवृत्तीचे धनादेश सप्टेंबरात गेले, आणि एका विद्यार्थिनीच्या वडिलांना तिच्या शुल्कासाठी उसने पैसे काढावे लागले. सभासदांची यादी पुन्हा उभी राहिली ती याच स्मरणिकेच्या जुन्या अंकांवरून. ज्यांनी ते अंक घरी जपून ठेवले होते, त्या कुटुंबांचे ऋण संस्थेवर आहे.

या अनुभवानंतर अँटिव्हायरस कसा निवडावा, याचा आम्ही अभ्यास केला. आपल्यापैकी अनेकांची दुकाने, दवाखाने व लहान कचेऱ्या आहेत; म्हणून त्याचे सार येथे सांगतो.

पहिली गोष्ट, संगणकाची मूळ प्रणाली तपासावी. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर हाहाकार माजविला. ज्या छिद्रातून ते शिरले, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याच्या हल्ल्याने मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. विंडोज १० साठी मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. जुनाट प्रणालीवर उत्तम अँटिव्हायरस बसविणे म्हणजे पडक्या भिंतीच्या घराला नवे कुलूप लावणे होय.

दुसरी गोष्ट, विंडोजमध्ये डिफेंडर हा राखणदार मुळातच असतो. एकदोन संगणकांच्या कचेरीला, तो चालू असेल आणि अद्ययावत असेल, तर तो पुष्कळदा पुरेसा होतो. दुसरा विकत घेतल्यास सामान्यतः डिफेंडर आपण होऊन बाजूस होतो. मात्र विकतचे दोन एकाच संगणकावर कधीही बसवू नयेत; ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि यंत्र मंदावते.

तिसरी गोष्ट, जाहिरातीवर न जाता निःपक्ष परीक्षण पाहावे. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अशी परीक्षणे नियमितपणे प्रसिद्ध करतात. किती व्हायरस पकडले एवढेच पाहू नये. निर्दोष फाइलीला चोर ठरविण्याचे प्रमाण किती, आणि संगणक किती मंदावतो, हेही पाहावे.

चौथी गोष्ट व्यवहाराची. फुकट मिळणाऱ्या पुष्कळ आवृत्त्यांचा परवाना केवळ घरगुती वापरापुरता असतो, कचेरीसाठी नव्हे. विकत घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीला न भुलता दुसऱ्या वर्षीचे मूल्य विचारावे. किती संगणकांसाठी, किती वर्षांसाठी, आणि अडचण आल्यास मदत कोण करणार, हेही विचारून घ्यावे. पुण्याच्या क्विक हीलसारख्या आपल्याकडील कंपन्याही या क्षेत्रात आहेत. त्यांनाही हीच कसोटी लावावी. 'क्रॅक' केलेली प्रत मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. तिच्यातूनच रोग येण्याचा संभव अधिक.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महाग पडली. कोणताही राखणदार सर्व चोर अडवीत नाही. म्हणून दप्तराची प्रत घेऊन झाल्यावर ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी, आणि एक प्रत दुसऱ्या वास्तूत असावी. छापखान्यातून परत आलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नये. ओळखीच्या नावाने आलेल्या ईमेलमधील जोडपत्रही अनपेक्षित असेल, तर आधी दूरध्वनी करून विचारावे.

कार्यकारी मंडळाने आता असे ठरविले आहे की, अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाची तारीख वार्षिक अंदाजपत्रकातच लिहावी, आणि दर शनिवारी प्रत घेण्याचे काम एका नामनिर्देशित चिटणिसाकडे असावे. जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी एकेक रुपया गोळा करून हा निधी उभारला आणि त्याचा हिशेब लाल कापडात बांधून तिजोरीत ठेवला. कापड गेले, यंत्र आले. जपणुकीची जबाबदारी मात्र तीच आहे. आपापल्या कचेरीतील संगणकाची मुदत उद्याच तपासावी, एवढी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.