वाळूतील हरितांचा रात्रीचा शोध



वनस्पतींचा शोध म्हटला की दिवसाउजेडी केलेली रानातील भटकंती डोळ्यांपुढे येते. परंतु ब्रिटनच्या समुद्रकाठी, वाळूच्या टेकड्यांमध्ये, हरिता व यकृतका या शेवाळवर्गीय वनस्पतींचा शोध अंधार पडल्यावरही विजेरीच्या प्रकाशात घेता येतो. या वनस्पतींना ना फूल, ना बी, ना खरे मूळ. त्यांतील कित्येकींची उंची बोटाच्या पेराएवढीही नसते.

या शोधाला रात्र का मानवते? डिसेंबरमध्ये तेथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि या वनस्पतींच्या बहराचा काळ नेमका हिवाळ्याचा. शिवाय हरिता पानांनीच पाणी शोषतात. वाळूवर वाढणारी सिंट्रिकिया नावाची हरिता कोरड्या वाऱ्यात पीळ पडून तपकिरी होते व मेल्यासारखी भासते. दव पडताच तिची पाने उलगडतात आणि वाळूवर हिरवे तारे उमटतात. विजेरी जमिनीलगत आडवी धरली असता चिमुकल्या पानाचीही सावली पडते व दिवसा नजरेतून निसटलेले रोप दिसू लागते. जोडीला एक भिंग पुरेसे होते. मात्र पाऊल जपून टाकावे आणि रोप उपटू नये.

या शोधातील सर्वांत मोलाची वनस्पती म्हणजे पेटालोफायलम राल्फसाय ही यकृतका. जॉन राल्फ्स या एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव तिला मिळाले आहे. सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचा हा फिकट हिरवा झुबका कोबीच्या इवल्या रोपासारखा दिसतो. टेकड्यांमधील ओलसर, उघड्या खळग्यांत तो वाढतो. उन्हाळ्यात वरचा भाग नाहीसा होतो. जमिनीखालचा अंश तग धरून राहतो. डेव्हनमधील ब्रॉन्टन बरोज व वेल्समधील केनफिग ही तिची प्रसिद्ध स्थाने होत. 1992 च्या युरोपीय अधिवास निर्देशात तिला संरक्षण देण्यात आले.

परंतु केवळ कुंपणाने ती वाचत नाही. 1953 मध्ये ब्रिटनमध्ये सशांची साथ आली, ससे मोठ्या संख्येने मेले, चराई थांबली आणि गवत व झुडपे वाढून उघडी वाळू झाकली गेली. म्हणून तेथे गुरे चारून, झुडपे काढून वाळू पुन्हा मोकळी करावी लागते.

गोव्याच्या किनाऱ्यावर हाच उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. येथील टेकड्यांची वाळू मर्यादवेल धरून ठेवते. ती वेल उपटली किंवा टेकडी सपाट केली, तर वारा व लाटा यांना अडविणारा बांधच नाहीसा होतो. 2019 च्या केंद्रीय किनारा नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्या अतिसंवेदनशील विभागात घातल्या आहेत. तथापि नियम पाळण्यासाठी आधी टेकडीची ओळख हवी. कोठे काय वाढते व कशाच्या आधाराने वाढते, हे गावालाच ठाऊक असले पाहिजे.

या ओळखीचा आरंभ शाळेत करता येईल. चिऱ्यांच्या गडग्यावर उन्हाने करपलेली हरिता उन्हाळ्यात सर्वत्र आढळते. शिक्षकांनी मुलांसमोर तिच्यावर ओंजळभर पाणी शिंपडावे. काही वेळातच ती हिरवी होऊ लागेल. जे निर्जीव वाटले ते केवळ पाण्याची वाट पाहत होते, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, ते समुद्रकाठच्या वाळूलाही ओसाड म्हणणार नाही.