पोट भरल्याचा निरोप



आम्ही गिरणीच्या दारावर शिकलेली माणसे. कोंबडीच्या मेंदूवर आम्ही बोलावे, याचे कुणाला हसू आले तर आमचा राग नाही. पण भूक हा आमचा जुना विषय आहे.

१९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी रक्तातून सेरोटोनिन वेगळे काढले. पुढे शास्त्रज्ञांनी ते कोंबडीच्या मेंदूतील पोकळीत थेट सोडून पाहिले, तेव्हा ती कमी खाऊ लागली. अंगातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असते, पण ते सहसा मेंदूत शिरत नाही. मेंदू आपले आपणच तयार करतो, आणि त्यासाठी लागणारे ट्रिप्टोफॅन अन्नातूनच यावे लागते. नुसत्या मक्यात ते थोडेच.

आता ब्रॉयलर घ्या. भराभर वाढणारी, म्हणजेच खादाड, कोंबडी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडली. पिलांसाठी पाळलेल्या तिच्या आईबापांना पोटभर दिले तर ती पाखरे लठ्ठ होतात, अंडी बिघडतात. म्हणून त्यांना मोजून, अर्धपोटी वाढवतात. सेरोटोनिन एकटेच ‘पुरे’ म्हणते असे नाही, पण इथे ते म्हणायची वेळच येत नाही. खाद्य क्षणात संपते आणि ती पाखरे रिकाम्या भांड्यावर चोच मारीत राहतात.