प्रश्नांचीही परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला मनाच्या दुखण्याविषयी बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच धागा उचलते.

१२ जुलै १९६१ रोजी आपल्या वेल्हे भागातील पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. अशा वेळी पडलेली घरे मोजता येतात. पण त्यानंतर पावसाचा नुसता आवाज ऐकून जिच्या छातीत धडधडते, तिचा त्रास कशाने मोजावयाचा? या दुखण्याला आजचे वैद्यकीय नाव १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात मिळाले. २०१३ साली तिकडेच 'पीसीएल-५' नावाची २० प्रश्नांची यादी निघाली. गेल्या महिन्यात कोणता त्रास किती झाला, याला शून्य ते चार गुण आपले आपणच द्यावयाचे. बेरीज जास्तीत जास्त ८०.

आता ही यादी मराठीत आणली की काम झाले, असे वाटेल. तसे नाही. एकाने मराठी करावयाचे, आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावयाचे, अशी रीत आहे. तरीही 'मन बधिर होते का?' असे विचारले, तर आमच्या डोंगरातली बाई म्हणेल, "होतात ना, पहाटे हातपाय बधिर होतात." 'माणसांपासून दूर गेल्यासारखे वाटते का?' यावर एखादी सांगेल, माहेर भोरला आहे, दूरच पडते! शब्द बरोबर, उत्तर भलतेच. म्हणून यादी आधी थोड्या बायकांना वाचून दाखवून, 'तुम्हांला यातून काय समजले?' असे विचारावे लागते.

मग खरी परीक्षा. त्याच बाईला आठ-पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारतात. मधे काही विशेष घडले नसताना बेरीज आज २० आणि पुढच्या खेपेस ५० आली, तर दोष बाईचा नाही, प्रश्नांचा किंवा विचारण्याचा. शिवाय एकाच दुखण्याविषयीचे प्रश्न एकमेकांशी जुळतात का, तेही गणिताने पाहतात, ०.७ च्या वर आकडा आला की बहुधा ठीक समजतात. तरी एवढ्याने भागत नाही. दुकानदाराचा तराजू रोज छटाकभर कमीच दाखवीत असेल, तर तो विश्वासू खरा, पण खोटा! तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासून काढलेल्या निदानाशी बेरीज ताडून पाहावीच लागते. नुसत्या बेरजेवरून कोणाला आजारी ठरवू नये, आणि 'तुला काही झालेले नाही' म्हणून परतही पाठवू नये. दुसरी चूक मला अधिक भयंकर वाटते. त्या बाईला पुन्हा कोणी विचारीत नाही.

जिला वाचता येत नाही तिला प्रश्न वाचून दाखवावे लागतात. तेव्हा घरचे माणूस शेजारी बसले असेल, तर 'रात्री झोप लागते का?' याला 'लागते की' हेच उत्तर येणार. कोणी असा कागद घेऊन भोर-वेल्ह्याकडे आले, तर न कळलेला शब्द तिथल्या तिथे सांगा. आणि सासूबाईंना तेवढा वेळ शेजारी चहाला पाठवा.