ऊन कुठल्या बाजूने आहे?



मराठी शिकवणारी बाई मंगळाच्या छायाचित्रांवर का बोलते आहे, असे तुम्हाला वाटत असेल. एका विद्यार्थ्याचे देणे मी लागते, म्हणून.

काही वर्षांपूर्वी काव्यातील प्रतिमांवर तास चालू होता. एका मुलाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर मंगळाची जमीन आणि तिच्यात आकाशाकडे पाहणारा माणसाचा चेहरा. “मॅडम, हा कोणी कोरला असेल?” वर्ग हसला. मीही हसले. पुढे वर्षभर त्याने वर्गात प्रश्न विचारला नाही. त्याचे गप्प होणे मला टोचू लागले, तेव्हा मी त्या छायाचित्राविषयी वाचायला घेतले.

छायाचित्र खरेच होते. २५ जुलै १९७६ रोजी मंगळाभोवती फिरणारे ‘व्हायकिंग-१’ हे यान ‘व्हायकिंग-२’साठी उतरण्याची जागा शोधत होते. सिडोनिया या प्रदेशावरून जाताना त्याने ते टिपले. सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर होता. तिरप्या उन्हात एका टेकडीच्या सावल्या लांबल्या आणि तिच्या खोलगटांत डोळा, तोंड दिसू लागले. पृथ्वीकडे येताना चित्रातले काही बिंदू गळाले होते. त्यांतला एक काळा ठिपका नेमका नाकपुडीच्या जागी पडला. ‘नासा’ने चित्र प्रसिद्ध करतानाच हा सावल्यांचा भास असल्याचे सांगितले होते. लोकांनी चेहरा लक्षात ठेवला, खुलासा विसरले.

मंगळाच्या बाबतीत असे पूर्वीही झाले होते. १८७७ मध्ये मिलानच्या वेधशाळेतून स्कियापारेल्ली यांना त्या ग्रहावर रेषा दिसल्या. त्यांनी त्यांना ‘कानाली’ म्हटले. इटालियनमध्ये हा शब्द ओहोळालाही चालतो आणि कालव्यालाही. इंग्रजीत त्याचा कालवाच झाला. ओहोळ आपला आपण वाहतो. कालवा म्हटला की खणणारा आलाच. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी तो खणणारा गृहीत धरून ग्रंथ लिहिले. पुढे १९७१ मध्ये ‘मरिनर-९’ हे मंगळाभोवती फिरणारे पहिले यान ठरले. ते पोचले तेव्हा ग्रहभर धुळीचे वादळ होते. धूळ खाली बसल्यावर त्याने ग्रह टिपला. त्यात ज्वालामुखी होते, प्रचंड दऱ्या होत्या, कोरडी नदीपात्रेही होती. लॉवेल यांचे कालवे मात्र नव्हते.

आता पुन्हा त्या चेहऱ्याकडे येऊ. ५ एप्रिल १९९८ रोजी ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ने तीच टेकडी टिपली. चेहरा दिसला नाही. पण त्या दिवशी वर विरळ ढग होते. शंकेखोर म्हणाले, खुणा ढगाआड राहिल्या असतील. ही शंका हसण्यावारी नेणे सोपे होते. शास्त्रज्ञांनी तसे केले नाही. ८ एप्रिल २००१ रोजी, निरभ्र दिवशी, यान सुमारे २५ अंश कलवून त्यांनी पुन्हा चित्र घेतले. व्हायकिंगच्या चित्रात एक बिंदू म्हणजे ४३ मीटर जमीन होती. या चित्रात दीड मीटर. दिसली ती सपाट माथ्याची, झिजलेली टेकडी.

माझ्या विद्यार्थ्याला जे दिसले ते चुकीचे नव्हते. ते चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाला तिथे चेहरा दिसतो. ‘दिसतो’वरून ‘कोरला’वर त्याने उडी मारली, एवढेच. ती उडी थांबवून पाहायला शिकवणे हेच तर माझे काम होते. ऊन कुठल्या बाजूने आहे, असे त्याला विचारायला हवे होते. कविता शिकवताना हेच विचारतो आपण: कोण बोलते आहे, कुठे उभे राहून? एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर आपण कोणता उचलला, आणि का?

आता प्रतिमांचा घटक मी ती दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावून सुरू करते. मुले बोलू लागतात. कुणी काही विचित्र विचारले, तर मी पुन्हा पाहते. तो मुलगा केव्हाच पदवी घेऊन गेला. त्याचे देणे मी त्याच्या मागून येणाऱ्या मुलांना फेडते आहे.