मनाचे औषध : घेण्याची रीत आणि थांबवण्याची रीत

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण. वक्ते : विस्तार अधिकारी, कृषी)



आजवर मी आपल्याशी बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बोललो. आजही औषधाविषयीच बोलायचे आहे, पण हे औषध पंपात घालायचे नाही. आपल्याकडे औषध म्हटले की फवारणीचेच डोळ्यांपुढे येते. आणि "अमक्यानं औषध घेतलं" असे कानावर आले, की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा उठतो. मला आज सांगायचे आहे ते माणसाला उभे करणाऱ्या औषधाविषयी. नैराश्याच्या, म्हणजे डिप्रेशनच्या आजारावर डॉक्टर चिठ्ठीवर ज्या गोळ्या लिहून देतात, त्या नीट कशा घ्याव्यात, हा आजचा विषय.

मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. मनोविकार तज्ज्ञांना विचारून, समजून घेऊन जे कळले तेच सांगतो.

एका शेतकरी बंधूची हकिकत

माझ्या फिरतीच्या गावातले एक शेतकरी. त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव सांगत नाही. दोन वर्षे सोयाबीन साधले नाही आणि देणे वाढले. पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. जेवण तुटले. बैलांना वैरण टाकायचेही सुचेना. घरधनीण त्यांना जिल्हा रुग्णालयात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासले, गोळी सुरू केली.

आठ दिवसांनी मला भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, गोळीनं मळमळतंय. गुण तर काहीच नाही." मी म्हणालो, "दादा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका." त्यांनी विचारले, गोळी चालू ठेवली. दीड महिन्यात झोप आली, भूक लागली, रानात जाऊ लागले. मग पेरणीची गडबड उडाली. "आता मी बरा झालो" म्हणून त्यांनी गोळी आपल्या मनाने एकदम बंद केली. दोन-तीन दिवसांत चक्कर सुरू झाली, चिडचिड वाढली. ती ओसरली, पण पुढच्या दोन महिन्यांत मूळ आजार परतला.

एके दिवशी ते फवारणीच्या डब्यांपाशी गप्प बसलेले त्यांच्या घरधनिणीला दिसले. तिने आरडाओरडा केला नाही. शेजारी बसली आणि सरळ विचारले, "जीव द्यायचं मनात येतंय का?" ते रडू लागले. तिने डबे उचलून भावकीत नेऊन ठेवले, दिरांना बोलावले आणि त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेले. आज ते बरे आहेत. गोळी अजून चालू आहे आणि शेतीही चालू आहे.

या हकिकतीत गोळी घेण्यात चूक झाली नव्हती. चूक झाली ती थांबवण्यात.

औषध केव्हा लागते

पीक गेले की वाईट वाटणारच. तो आजार नाही. पण दोन आठवडे किंवा जास्त दिवस सतत उदास वाटते, कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडली, अंगात बळ नाही, जगू नये असे वाटते, तर डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही. काहींना समुपदेशन पुरते, काहींना दोन्ही लागतात. हे डॉक्टर ठरवतील. मात्र जगू नये असे मनात येत असेल, तर दोन आठवडे वाट पाहू नये.

फ्लुओक्सेटीन, एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, अमिट्रिप्टिलीन ही या औषधांतली काही नावे. माणूस बदलला की औषध आणि मात्रा बदलते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी आपण घेऊ नये, आपली दुसऱ्याला देऊ नये. दुकानातून चिठ्ठीशिवायही आणू नये.

पहिले काही आठवडे

तणनाशक मारले की तण त्याच दिवशी वाळत नाही, आणि म्हणून आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारा मारत नाही. तसेच येथे समजावे. झोप आणि भूक आधी सुधारते. मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण गुण यायला सहा ते आठ आठवडेही लागतात.

त्रास मात्र आधी जाणवतो. मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, झोपाळूपणा किंवा उलट झोप कमी होणे. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत उतरतो. न उतरल्यास डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलतात. नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येऊ लागली तरी लाज न धरता सांगावे. त्यावरही उपाय असतो.

झोपाळू वाटते तोवर मळणी यंत्र, कडबा कुट्टी, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांपासून दूर राहावे. विहिरीच्या काठावर काम करू नये. अमिट्रिप्टिलीनसारख्या औषधाने उठताना चक्कर येते, घामही कमी येतो. तेव्हा सावकाश उठावे, उन्हाळ्यात भर उन्हात राबू नये आणि पाणी पीत राहावे.

रोजची शिस्त

१. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. विसरल्यास आठवेल तेव्हा घ्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

२. दारू पूर्ण बंद. दारूने गुंगी वाढते आणि नैराश्यही वाढते. रोज पिणाऱ्याने मात्र ती एकदम तोडण्याआधी डॉक्टरांना सांगावे. एकाएकी तोडल्याने झटके येऊ शकतात.

३. अंग दुखले म्हणून दुकानातली गोळी घेऊ नये. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांच्या जोडीने यातल्या काही औषधांमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ट्रॅमाडॉलही धोक्याचे. बीपी, साखर, झटके यांची औषधे आणि झाडपाल्याचे औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

४. भगिनींनो, दिवस गेले असतील किंवा मूल अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. भीतीने गोळी एकदम सोडू नका.

५. गोळ्यांची पाकिटे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात, कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. डॉक्टरांना सांगून एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या आणाव्यात.

६. फवारणीची औषधे घरात ठेवूच नयेत. कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. आजारी माणसाला फवारणीला पाठवू नये. ते काम इतरांनी करावे.

केव्हा थांबू नये, लगेच दाखवावे

सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा मात्रा बदलल्यावर अस्वस्थता वाढणे, जीव देण्याचे विचार येणे. विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर या काळात बारीक लक्ष ठेवावे. एकाएकी फार उत्साह चढणे, झोपेशिवाय फिरणे, वारेमाप खर्च करणे. ताप, थरथर, अंग ताठरणे, भ्रम, झटके, अंगावर पुरळ, काळी शौच. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कुणी जास्त गोळ्या घेतल्या असा संशय आला तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. पाकीट सोबत न्या. माणूस बरा दिसला तरी न्या, कारण परिणाम उशिराही दिसतो. पोलिसांच्या भीतीने दडवू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची असते.

औषध थांबवण्याची रीत

"ही गोळी जन्माची लागते, सवय लागते" असे लोक म्हणतात. दारूसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही. पण शरीर त्यांना सरावते. एकदम सोडल्यास चक्कर, अंगातून करंट गेल्यासारखे झटके, चिडचिड, वाईट स्वप्ने असा त्रास होतो. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने, काही आठवडे किंवा महिने घेऊन उतरवतात. बरे वाटू लागल्यावरही साधारणपणे निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर जास्त काळ.

पेरणी आणि सुगीच्या दिवसांत दवाखान्याची फेरी चुकते आणि गोळ्या संपतात. तेव्हा गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या उरल्या की पुढची फेरी करावी.

गोळीने कर्ज फिटत नाही, हे मी जाणतो. पण डोके थाऱ्यावर आले की बँकेत जाऊन बोलता येते, विम्याचा कागद भरता येतो. त्या कामात मदत लागली तर आमच्याकडे हक्काने या.

लक्षात ठेवा

गोळी सुरू डॉक्टरांच्या सांगण्याने, बंदही डॉक्टरांच्याच सांगण्याने. गुण यायला वेळ द्यावा. दारू नाही. गोळ्या आणि फवारणीची औषधे कुलपात. मन फार घाबरे झाले तर टेलिमानस, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मनाच्या आजारावर उपचार मिळतात.

हे पत्रक घरात सर्वांना वाचून दाखवा. आजारी माणसाला ते वाचायचे बळ नसेल, तर त्याच्याजवळ बसणाऱ्याने वाचावे.