लाटेवरची पहिली फळी

कोणत्याही विद्येत पहिले साधन निवडण्याचा प्रसंग मोठा फसवा असतो. ज्या वेळी अनुभव मुळीच नसतो, नेमकी त्याच वेळी अनुभवावाचून न साधणारी निवड करावी लागते. समुद्राच्या लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे येण्याची हौस धरणाऱ्याची गोष्ट अशीच आहे. सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर स्वार होण्याची फळी, घ्यायला निघालेला नवशिका बहुधा नामांकित स्वारांची आखूड, निमुळती फळी मनात धरूनच दुकानात शिरतो. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम खेळला गेला, तो अशाच फळ्यांवर. नवशिका ती विकत घेतो आणि चार-सहा महिन्यांत फळी माळ्यावर जाते. ‘हे आपल्याच्याने व्हायचे नाही’ असा निकाल तो स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. वस्तुतः अपराध पुष्कळदा त्याचा नसून त्याच्या फळीचा असतो.

ह्या फळीचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते. हवाई बेटांत सरदारवर्गाच्या ‘ओलो’ नावाच्या फळ्या लांबलचक आणि अतिशय जड असत. १९१४-१५ मध्ये ड्यूक कहानामोकु ह्या विख्यात जलतरणपटूने सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर आपले कौशल्य दाखविले, तेही अखंड लाकडाच्या फळीवर. १९३५ साली टॉम ब्लेक ह्यांनी फळीच्या तळाला माशाच्या परासारखा एक पर बसविला आणि फळी आडवी घसरण्याचे थांबले. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क ह्यांनी लाकडाच्या जागी हलका कृत्रिम फोम आणला. फळ्या झपाट्याने आखूड होऊ लागल्या त्या १९६७ नंतर. म्हणजे आखूड फळी हे लांब फळीवर तयार झालेल्या स्वारांच्या हातचे फळ होय. पायऱ्या गाळून शेवटच्या पायरीवर उडी मारणारा नवशिका तोंडघशी पडला, तर त्यात नवल ते काय?

ह्यामागील कारण साधे आहे. मीटरभर खोल पाण्यावरून येणारी लाट ताशी सुमारे ११ किलोमीटर वेगाने धावते. हातांनी वल्हवणाऱ्या नवशिक्याचा वेग त्याहून पुष्कळच कमी असतो. लाट पाठीशी येताच फळी पाण्यावरून घसरू लागली पाहिजे, नाहीतर लाट खालून निघून जाते आणि स्वार जागच्या जागी राहतो. लांब, रुंद आणि जाड फळी पाण्यात कमी बुडते व थोड्या वेगातच घसरू लागते. लाट लवकर सापडल्यामुळे, ती उभी होऊन कोसळण्यापूर्वी पायांवर येण्यास दोन क्षण अधिक मिळतात, आणि रुंदीमुळे पाय चुकीच्या जागी पडला तरी फळी लगेच उलटत नाही. आखूड फळीवर तासाभरात एखादी लाट हाती लागते. मोठ्या फळीवर तेवढ्याच वेळात दहा लागतात. शिकणे म्हणजे पुनरावृत्ती. तेव्हा दहा लाटा देणारी फळीच खरी शिक्षक होय.

आता मापांकडे वळावे. फळी आपल्या उंचीहून अडीच ते तीन फूट लांब असावी. साडेपाच फूट उंचीच्या, मध्यम बांध्याच्या माणसाला ८ फुटांची फळी पुरते. अंगाने भारी असलेल्याने ९ फुटांची पाहावी. रुंदी २२ इंचांच्या आसपास आणि जाडी ३ इंचांच्या जवळपास असावी. दुकानात फळीचे आकारमान लिटरमध्ये सांगतात. नवशिक्याने तो आकडा आपल्या किलोमधील वजनाइतका, किंबहुना थोडा अधिक धरावा. साठ किलोच्या माणसाला सत्तर-ऐंशी लिटरची फळी मुळीच अधिक नव्हे. पटाईत स्वाराच्या आखूड फळीचे आकारमान बहुधा तीस लिटरच्या आतबाहेर असते, एवढे सांगितले म्हणजे अंतर कळेल.

पृष्ठभाग मऊ फोमचा असावा, ह्या सूचनेला कित्येकांचा अभिमान आड येतो. मऊ फळी म्हणजे पोरखेळ, अशी समजूत आहे. परंतु पहिले काही महिने फळी स्वाराच्या डोक्यावर, बरगडीवर, आणि त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या माणसावर आदळणारच. राळ आणि काचतंतूंच्या कठीण कवचाचा आघात व मऊ फोमचा आघात ह्यांत जखम आणि मुका मार इतका फरक असतो. घोट्याला बांधायची दोरी फळीइतकीच लांब असावी आणि ती बांधल्यावाचून पाण्यात शिरू नये. सुटलेली फळी लाटेबरोबर थेट पोहणाऱ्या मुलांच्या घोळक्यात जाऊ शकते.

फळी निवडताना किनाराही पाहावा लागतो. होनोलुलूच्या वाइकिकी किनाऱ्यावर लाटा पुष्कळदा संथपणे लांबवर लोळत येतात, म्हणूनच तेथे नवशिक्यांना पिढ्यानपिढ्या मोठ्या फळ्यांवर शिकविले जाते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातील समुद्र नवशिक्याने दुरूनच पाहावा. पाऊस सरल्यानंतर गोव्याकडे ज्या लहान, दुबळ्या लाटा येतात, त्या शिकण्यास योग्य असतात. आणि दुबळ्या लाटेला मोठी फळीच लागते.

खरेदीची घाई मात्र नसावी. प्रथम भाड्याच्या दोन-तीन निरनिराळ्या फळ्यांवर पाण्यात उतरावे. जुनी फळी घ्यावयाची झाल्यास भेगा, बुजविलेली भोके आणि परांची मुळे नीट तपासावीत. कवच फुटून आत पाणी मुरलेली फळी हाताला जड लागते. ती स्वस्त मिळाली तरी सोडावी. ती काखेत धरून वाळूतून शंभर पावले चालून पाहावे. जी फळी किनाऱ्यापर्यंत नेणे जिवावर येते, ती घरीच राहते.

पुढे केव्हातरी आखूड फळीचा दिवस येतोच. लाट मागे न पाहताही ओळखता येऊ लागली, उभे राहताना पाय आपोआप जागेवर पडू लागले आणि मोठी फळी वळण्यास आळशी वाटू लागली, म्हणजे तो दिवस आला असे समजावे. तोवर ज्या फळीवर माणूस वारंवार उभा राहतो, तीच त्याला शोभणारी फळी होय.