फोटोत आपल्या बाया दिसायला हव्यात

(देवरी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणातून)



रोवणीच्या मजुरीबद्दल आम्ही एक निवेदन दिलं होतं. सोबत फोटो जोडले. बांधीतलं पाणी चकाकत होतं, आभाळ सुरेख आलं होतं. वाकलेल्या बाया मात्र काळ्या सावल्या. "यात मजूर कोण?" असं टेबलापलीकडून विचारलं गेलं. चूक माझीच. कॅमेरा 'ऑटो'वर ठेवून मी बटण दाबत गेले होते.

कॅमेरा समोरचा उजेड मोजतो आणि सगळं चित्र मध्यम राखाडी यावं असा हिशेब करतो. पाणी चमकलं की त्याला उजेड जास्त वाटतो, मग तो कमी करतो. भुर्दंड सावळ्या चेहऱ्याला. आता चेहरा ओळखणारे कॅमेरे आलेत, पण रोवणीत चेहरा पदराआड असतो. आणि यंत्राला भेदभाव नसतो असंही समजू नका. फिल्मच्या काळात रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली' कार्डं असत. त्यांवर कित्येक वर्षं गोरीच बाई होती.

उजेड किती घ्यायचा हे दोन गोष्टींवर ठरतं: छिद्र केवढं आणि ते किती वेळ उघडं. 'ऑटो'त दोन्ही कॅमेरा ठरवतो. 'पी'तही तोच ठरवतो, पण अधिक-उणेचं बटण आपल्या हाती येतं. मागे पाणी किंवा आभाळ असेल तर अधिक एक करा. उजेड दुप्पट होतो. आभाळ पांढरंफटक पडेल, पडू दे. आपल्याला आभाळाची मजुरी मागायची नाही!

'ए'मध्ये छिद्र आपण निवडतो. आकडा लहान तितकं छिद्र मोठं. बैठकीतल्या मागच्या रांगाही स्पष्ट हव्या तर ८ ठेवा. 'एस'मध्ये वेळ आपली. रोवणारा हात पुसट येऊ नये म्हणून १/५०० सेकंद.

'एम'ला सगळ्या घाबरतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात, ७० पानांची पुडकी मोजली जातात तेव्हा, तोच कामाचा. ऊन तेच, पण एकीचं लुगडं पांढरं, दुसरीचं गर्द. बाकीच्या मोडमध्ये कॅमेरा दर वेळी हिशेब बदलतो. 'एम'मध्ये एकदा ठरवलं की ठरलं. ढग आला तर मात्र पुन्हा बघा.

मारहाणीचे वळ टिपायचे तर आधी तिला विचारा. जवळून फ्लॅश नको, वळ पुसले जातात. खिडकीच्या उजेडात उणे एक, शून्य, अधिक एक असे तीन फोटो घ्या आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा.

आता एकीनं त्या खिडकीसमोर पाठ करून बसा. दुसरीनं 'पी' लावा. कॅमेरा घ्या.